१६० चौरस फुटांचा कारखानदार

घरात प्रिंटर आलाय ही बातमी एकदा चाळीत फुटली की पहिला आठवडा गिऱ्हाइकांचा. तळमजल्यावरच्या आजींना आधार कार्डाच्या दोन प्रती हव्या असतात. समोरच्या वहिनी लेकीचा बायोडेटा घेऊन येतात. ‘रंगीत निघत असेल तर बघा ना, भावजी.’ सातवीतला एक पोरगा शाळेच्या प्रोजेक्टसाठी डायनासोरचं चित्र मागतो आणि काम होतं ते त्या एकट्याचं. फक्त चित्राऐवजी त्याला अख्खा डायनासोर मिळतो. हिरव्या प्लास्टिकचा, वीतभर, एक पाय किंचित आखूड. तो वहीत चिकटत नाही म्हणून बाई परत पाठवतात आणि मग चाळीला उमगतं की हा प्रिंटर कागदाचा नव्हे. ‘मग कसला?’ असं कुणीतरी विचारावं म्हणून मालक टपलेलाच असतो. तो सांगायला सुरुवात करतो आणि नेमकी वहिनींच्या कुकरची शिट्टी होते.

चाळीने त्याचं नाव ठेवलंय ‘कारखानदार’. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात हा इसम आता बऱ्यापैकी आढळतो. वय अठरा ते सत्तर. ओळखायची खूण एकच. कुठलीही वस्तू हातात आली की तो आधी ती उलटी करून बघतो. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाचं ताट घेतलं तरी. यजमानांना वाटतं, ताट धुतलंय का ते तपासतोय. तो शोधत असतो साच्याची रेघ.

त्याचं अर्थशास्त्र स्वतंत्र आहे. मिक्सरचं बटण तुटलं तर बाहेर ते तीस-चाळीस रुपयांना मिळतं, हे त्यालाही ठाऊक असतं. पण विकत आणणं म्हणजे हार. तो मिक्सर पालथा घालतो, व्हर्नियर लावतो, ‘दांडा ६ मिलिमीटर, एका अंगाने चपटा’ अशी नोंद करतो आणि जेवणं आटोपली की संगणकावर बटण काढायला बसतो. ६ मिलिमीटरचं भोक ठेवलं तर बटण दांड्यावर चढत नाही, कारण वितळलेलं प्लास्टिक थोडं आत सरकतं आणि भोक ठरवल्यापेक्षा बारीक निघतं. ६.२ केलं की गरागरा फिरतं. मधलं माप साधून काढलेलं बटण मात्र पक्कं बसतं, कायमचं बसतं आणि मग लक्षात येतं की त्यावरचा बाण भलतीकडे बघतोय. त्या दिवसापासून त्या घरात मिक्सर ‘दोन’वर आणला की बंद होतो. घरच्यांना हे पाठ आहे. पाहुण्या बाईंना मात्र चटणी वाटू देत नाहीत.

‘अहो, या बटणाला एकूण खर्च किती आला?’ असं बायकोने विचारलं की तो म्हणतो, ‘चार ग्रॅम प्लास्टिक. चार रुपये.’ यंत्र, वीज आणि जागलेल्या रात्री त्याच्या हिशोबात येत नाहीत.

खरी लढाई जागेची. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. १९२०च्या दशकात सरकारने त्या चाळी बांधल्या तेव्हा एका खोलीत किती माणसं राहतील याचा काही अंदाज केला असेल. छापखान्याचा नक्कीच नव्हता. त्यामुळे हा थ्री-डी प्रिंटर बसतो तो ओट्याच्या शेजारी, जिथे पूर्वी पिठाचे डबे होते. बायकोने कुरकुर केली की कारखानदार इतिहास काढतो. ‘अगं, या तंत्राचा जन्मच स्वयंपाकघरातला. अमेरिकेत स्कॉट क्रम्प नावाच्या इंजिनिअरने १९८८ साली घरातल्या ग्लू गनमध्ये प्लास्टिक आणि मेणबत्तीचं मेण घालून मुलीसाठी बेडूक बनवला. थरावर थर देऊन. पुढच्या वर्षी पेटंटचा अर्ज केला आणि पुढे मोठी कंपनी काढली.’

‘आणि त्याची बायको?’

‘तीही कंपनीत भागीदार होती.’

‘मग मलाही करा. आणि आधी तो डबा ओट्याजवळून उचला.’

ते पेटंट २००९ साली संपलं आणि घरोघरच्या कारखानदारांना रान मोकळं झालं. त्याआधीच, २००५ साली, इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठातल्या एड्रियन बोयर यांनी एक कल्पना मांडली होती : स्वतःचे बरेचसे भाग स्वतःच छापील असं यंत्र करायचं आणि त्याचे आराखडे जगाला फुकट वाटायचे. मोटर, लोखंडी रॉड, नट-बोल्ट बाहेरून आणा. बाकीचं यंत्रच देईल. त्यांच्या पहिल्या यंत्राचं नाव ‘डार्विन’, पुढच्याचं ‘मेंडेल’. नावांवरूनच शहाण्याने ओळखावं की प्रकरण वंशवृद्धीचं आहे. आमच्या कारखानदाराने ते ओळखलं. त्याच्याकडे आता थोरला, मधला आणि धाकटा अशी तीन यंत्रं आहेत. धाकट्याचे कोपरे मधल्याने छापले, मधल्याचे थोरल्याने. थोरला सध्या आजारी असतो आणि त्याचे भाग धाकटा छापतो. एकमेकांना धरून राहणारं इतकं एकत्र कुटुंब या भागात दुसरं उरलेलं नाही. ही यंत्रं बनवतात काय, असं विचारू नये. मुख्यतः एकमेकांना.

कारखान्याचा कच्चा माल लॅमिंग्टन रोडवरून येतो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी ग्रँट रोड स्टेशनला उतरून त्या नावाने रस्ता विचारला तर लोक विचारात पडतात. तिथल्या दुकानदाराला गिऱ्हाईक बघताच कळतं. घामाघूम होऊन यादी पुढे करणारा तो डिप्लोमाचा विद्यार्थी. उद्या सबमिशन आहे, सांगाल ती किंमत देतो. आणि एकच स्टेपर मोटर तीन दुकानांत बोटांनी फिरवून बघणारा, विकत काहीच न घेता अर्धा तास मायक्रोस्टेपिंगवर बोलणारा तो कारखानदार. त्याला दुकानदार स्टूल देतो, चहा देतो, पण उधारी देत नाही. बेअरिंगसाठी नागदेवी, वायरसाठी लोहार चाळ आणि ‘जे मिळेल ते’ यासाठी चोरबाजार. घरी परतताना पिशवीत कोथिंबीर विसरलेली असते आणि तळाशी ६०८ नंबरची आठ बेअरिंगं असतात.

पण त्याला खऱ्या अर्थाने बघायचं असेल तर पहिला थर पडताना बघावं. छापण्याआधी बेड, म्हणजे खालची काच, समतल करावा लागतो. त्यासाठी नोझल आणि काचेच्या मधे कागद सरकवून बघायचा. अडला पाहिजे, पण फाटता कामा नये. कारखानदार त्यासाठी बेस्टचं वीजबिल वापरतो; त्याचा कागद त्याला बरोबर जाडीचा वाटतो. चारी कोपऱ्यांचे स्क्रू एकेक पीळ करत तो गुडघ्यावर बसून बेडच्या पातळीत डोळा आणतो. एक कोपरा जमला की दुसरा बिघडतो. मग नोझल दोनशे अंशांपर्यंत तापतं, धागा वितळतो आणि ०.४ मिलिमीटरच्या भोकातून पहिली रेघ काचेवर पडते. या वेळी खोलीत पंखा लावायचा नाही, दार उघडायचं नाही, शिंकायचं नाही. मे महिन्यात, बंद खोलीत, चार माणसं घामाने निथळत एका रेघेकडे बघत असतात. रेघ चिकटली की ‘बसला!’ असा पुकारा होतो आणि पंखा मिळतो. नाही चिकटली, तर यंत्राला काही कळत नाही. ते हवेत छापत राहतं आणि सकाळी बेडवर शेवयांचा ढीग सापडतो. कारखानदार तो फेकत नाही. कधीतरी वितळवून नवा धागा करायचा, म्हणून पोत्यात भरून माळ्यावर ठेवतो.

पावसाळा हा त्याचा कसोटीचा काळ. मुंबईची हवा प्यायली की फिलामेंट, म्हणजे तो प्लास्टिकचा धागा, सादळतं. छापताना चट चट आवाज करतं आणि वस्तूवर कोळिष्टकं धरतात. पापडही सादळतात. घरात झाकण घट्ट बसणारा डबा एकच. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या डब्यावरून जी बोलणी होतात ती अख्ख्या मजल्याला ऐकू जातात. तडजोड म्हणून तो चाळभर हिंडून गोळ्यांच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या गोळा करतो. त्या बदल्यात कुणाची रक्तदाबाची गोळी बदलली, हे त्याला डॉक्टरांच्या आधी कळतं.

उन्हाळ्याची अडचण वेगळी. त्याचं लाडकं प्लास्टिक मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून होतं, दिसायला देखणं, पण साठ अंशांच्या आसपास नरम पडतं. व्याह्यांच्या नव्या गाडीसाठी त्याने हौसेने मोबाइल स्टँड छापून दिला होता. मे महिन्यातल्या एका दुपारी काचेआड तापलेल्या डॅशबोर्डवर स्टँडने मान टाकली, ती मोबाइलसकट. व्याही सभ्य गृहस्थ. ‘नम्र आहे फार’ एवढंच म्हणाले.

या जातीच्या पोटजातीही आहेत. दादरचा कारखानदार हिंदू कॉलनीत राहतो, निवृत्त असतो आणि रजिस्टर ठेवतो. व्हीजेटीआयमधून बाहेर पडून चाळीस वर्षं झाली तरी त्याचा काटेकोरपणा उतरलेला नसतो. ‘मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावलं, प्रत्येकाचे १६ तुकडे, म्हणजे ३२००. वीस दात्यांची पुली, २ मिलिमीटरचा बेल्ट, म्हणजे एका फेऱ्यात ४० मिलिमीटर. मिलिमीटरला ८० पावलं!’ हे तो फाटकाशी उभ्या असलेल्या कुरियरवाल्यालाही सांगतो. दरवर्षी एकदा तो पुण्याजवळच्या पाबळला जाऊन येतो. डॉ. कलबागांनी १९८३ साली तिथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात एमआयटीच्या फॅब लॅब योजनेतल्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक उभी राहिली. तिथून परतल्यावर पंधरा दिवस तो सोसायटीतल्या प्रत्येक मुलाला ‘मोबाइल ठेव, पान्हा धर’ म्हणतो.

गिरगावचा कारखानदार उत्सवी. त्याला लेझरचं वेड. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, मखरवाल्यांची पंचाईत झाली आणि याचं नशीब उघडलं. तो एमडीएफच्या फळ्यांवर लेझरने कमानी, जाळ्या, महिरपी कापतो. गॅलरीत यंत्र सुरू झालं की सगळ्या मजल्याला जळका वास येतो आणि चार घरांतल्या बायका आपापल्या गॅसकडे धावतात. आरतीला मात्र त्याचा मान पहिला.

लालबाग-परळच्या कारखानदाराला परीक्षक घरातच मिळालेला असतो. आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि त्यांचा साचा सुटला तो सुटलाच. नातू म्हणतो, ‘आजोबा, हे डिजिटल आहे.’ आजोबा म्हणतात, ‘पुठ्ठ्याला भोकं पाडून जेकार्डवर मोर काढायचो आम्ही. भोक असेल तिथे दोरा उचलणार, नसेल तिथे नाही. तुझं वेगळं काय?’ नातवाकडे उत्तर नसतं, कारण जाकारने ते जेकार्ड यंत्र केलं १८०४ साली. मग आजोबा मुद्द्यावर येतात : ‘एका पाळीत माल किती निघतो?’

‘एवढीशी होडी. दीड तासात.’

‘जॉबरने घरी पाठवला असता.’

या नातवाने एकदा गणपतीच छापायचं ठरवलं. १५ सेंटिमीटरची मूर्ती, ०.२ मिलिमीटरचा एक थर, म्हणजे ७५० थर. रात्रभर यंत्र चाललं, मूर्ती सुबक उतरली. शेजारच्या चित्रशाळेतल्या मूर्तिकाराने ती हातात घेतली, सोंडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, ‘विसर्जनाला विरघळेल?’ नातवाने पुढच्या वर्षीपासून फक्त उंदीर छापायचे ठरवले. उंदीर घरीच राहतो.

एवढं सगळं असूनही चाळीत त्याच्या हातची वस्तू नाही असं घर सापडत नाही. कुणाच्या जुन्या खिडकीची कडी, कुणाच्या शिलाई मशीनचा बॉबिनचा खटका, कुणाच्या बंद पडलेल्या कंपनीच्या पंख्याच्या रेग्युलेटरचं बटण. दुकानदार म्हणतो, ‘नवीन घ्या’. कारखानदार म्हणतो, ‘ठेवून जा.’ त्याच्यावर हसणारी माणसंच रुमालात काहीतरी मोडकं गुंडाळून रात्री नऊनंतर त्याच्याकडे येतात. दिवसा आलं तर लोक बघतात.

आता त्याच्या साम्राज्याला धोका आलाय तो वेगळाच. हल्ली पेटीतून काढलं, वायर लावली की छापायला लागणारी यंत्रं मिळतात. बेड आपला आपण समतल करतात, चार रंगांत छापतात, शेवया झाल्या तर स्वतःच थांबतात. तिसऱ्या मजल्यावरच्या पोराला पहिला पगार झाला आणि तो सल्ला विचारायला आला, ‘काका, तयार मशीन घेऊ की किट आणून जोडू?’

कारखानदाराने थोरल्याचा स्क्रू अर्धा पीळ आवळला, वीजबिल सरकवून बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, ‘तयारच घे. झकास चालतं, काही म्हणजे काही करावं लागत नाही.’ मग पोराकडे काळजीने बघून म्हणाला, ‘पण मग रविवारी करशील काय?’