बोजा चढला, श्रीमंत झालात!

सरकारी योजनेसाठी गरीब असावं लागतं, असा एक भाबडा समज खान्देशात अजून टिकून आहे. नुसतं गरीब असून भागत नाही. कागदावर गरीब दिसावं लागतं, आणि प्रत्येक योजनेचा कागद वेगळा.

यावलकडचे कुणी एक नाना धरून चला. दोन एकर केळी, धाब्याचं घर, पावसाळ्यात घरभर पातेली मांडलेली. शिवाय भाड्यानं नांगरटी करायला हप्त्यावर घेतलेला ट्रॅक्टर. नाना घरकुलाला गेले. पंतप्रधान आवासच्या ग्रामीण यादीत बसायचं तर किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५० हजारांच्या आत हवी. आता एकरभर केळी उभी करायची तरी खर्च लाखाच्या घरात जातो. सोसायटीनं त्याच कार्डावर कर्ज दिलं, सातबाऱ्यावर बोजा चढला आणि नाना त्याच दिवशी श्रीमंत झाले.

"मनाजोडे कर्ज शे भो, पैसा नई शे!" नाना म्हणाले.

"तेच तर नाना," समोरचे साहेब म्हणाले, "बँक काय गरिबाला कर्ज देते का?"

आता ट्रॅक्टरची गंमत पाहा. नानांच्या सूनबाईंचा 'लाडकी बहीण'चा अर्ज होता. तिथे चारचाकी चालत नाही, पण ट्रॅक्टर चालतो. नियमातच तसं लिहिलंय. घरकुलाला मात्र तोच ट्रॅक्टर आडवा येतो. म्हणजे अंगणात एकच ट्रॅक्टर उभा. महिला व बालविकास खात्याच्या नजरेनं घर गरीब, ग्रामविकासाच्या नजरेनं बागायतदार. हप्ते किती थकले, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

तिकडे धुळ्यात एक वहिनी आहेत. कार्ड केशरी, त्यामुळे 'लाडकी बहीण'साठी उत्पन्नाचा दाखलाही लागला नाही. केशरी कार्डाची मर्यादा वर्षाला १ लाख. २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखावर गेलं, म्हणजे या मर्यादेत अख्ख्या वर्षाची कमाई घालून तोळाभर सोनं येत नाही. वहिनींकडे जळगावच्या सराफ्यातलं वीस तोळे आहे. पण अर्जात सोन्याचा रकाना नाही, मुदतठेवीचाही नाही. चाकं नसलेली संपत्ती सरकारला दिसत नाही. २०२५ मध्ये अंगणवाडीच्या ताई घरोघर चारचाकी शोधत फिरल्या, तेव्हा वहिनींनी त्यांना चहा पाजला. अंगणात स्कूटी होती. तपासणी संपली.

बरं, सरकारला फसवायला बाहेरचं कुणी लागतं असंही नाही. दोन हजारांवर सरकारी कर्मचारी महिलाच 'लाडक्या' निघाल्या, हे सरकारनंच २०२५ मध्ये सांगितलं. पगार सरकारच्याच तिजोरीतून, पण यादीत नाव येईस्तोवर तो कुणाला दिसला नाही. नानांचा बोजा मात्र तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांना एका क्लिकवर दिसतो.

सगळ्यात कडक परीक्षा संजय गांधी निराधार योजनेची. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत. म्हणजे दिवसाला ५७ रुपये. ५८ कमावलेत की तुम्ही सधन. मदत मात्र महिन्याला १,५०० झाली. मदत वाढते, मर्यादा जिथल्या तिथे. गरिबीनं तेवढी शिस्त पाळावी, ही अपेक्षा.

तेव्हा वाचकहो, सल्ला एवढाच. दोन पैसे गाठीला लागले तर सोनं घ्या, गाडी घेऊ नका. पेरणीला पैसे लागले तर सावकाराकडे जा. त्याचं व्याज जबर असतं, पण त्याच्या चिठ्ठीमुळे घरकुल जात नाही. आणि बँकेत जाऊन कायदेशीर कर्जबाजारी तर मुळीच होऊ नका.

राहता राहिलं सरकार. महाराष्ट्रावर आज ९ लाख कोटींच्या वर कर्ज आहे. नानांना लावलेली फूटपट्टी तिथे लावली तर राज्य इतकं गडगंज निघेल, की त्याला घरकुल सोडाच, पिवळं कार्डसुद्धा मिळायचं नाही. तरी दरवर्षी दिल्लीत मदत मागायला जातंच. तिथे मात्र कर्ज हे गरिबीचं कारण म्हणून सांगतात.