मुक्काम ३७ टक्के

मौजे राईहून भाईंदर स्थानकाकडे बसने निघालेल्या वाचकास, मुर्धा मागे पडते न पडते तोच, हातातील किंडल अदबीने कळवते की, आपण ग्रंथाच्या ३७ टक्क्यांवर रुजू आहात. नायक जगला की मेला, याविषयी मात्र सदर दप्तर मौन बाळगते. अक्षर मोठे केले की पृष्ठांची सरहद्द हलते, या अडचणीवर तोड म्हणून २००७ साली अवतरलेल्या या यंत्राने पृष्ठांकास बडतर्फ करून ‘लोकेशन’ नामक लांबलचक आकड्याची नेमणूक केली, आणि ही तजवीज अपूर्व मानली गेली. ज्ञानेश्वरीच्या वाचकाला अध्याय आणि ओवी एवढा दाखला पिढ्यान्‌पिढ्या पुरला. पोथी हस्तलिखित असो वा छापील, अक्षर बारीक असो वा ठसठशीत, ओवी आपली जागा सोडीत नाही. (पाठभेदांचे तंटे अलाहिदा.)

परंतु यंत्राची खरी कर्तबगारी पुढेच आहे. चिरंजीवांनी तीर्थरूपांच्याच खात्यावर कुतूहलाने रहस्यकथेचे अखेरचे प्रकरण उघडले, की तीच कथा वाचणाऱ्या तीर्थरूपांच्या मोबाइलवर पृच्छा उमटते: सर्वांत पुढे वाचलेले स्थान गाठावे काय? आणि तीर्थरूप, ज्यांनी हयातीत कोणत्याही लेखी सूचनेस नकार दिलेला नाही, ते होकाराचे बटण दाबून, खून होण्यापूर्वीच खुनी कोण ते वाचून मोकळे होतात.