वय : आधारप्रमाणे

आजारी पडायला कुठलाही कागद लागत नाही. रक्तदाब ओटीपी मागत नाही, मोतीबिंदू केवायसीसाठी थांबत नाही. कागद लागतात ते बरं व्हायला. निदान सरकारी खर्चानं बरं व्हायचं असेल तर नक्कीच.

आधारचे अंक बारा. रेशनकार्डाचेही बारा, पण ते वेगळे; आणि कार्ड ऑनलाइन चढलेलं नसेल तर तेही नाहीत. ‘आभा’चे चौदा. हे चौदा अंक मिळाले की विमा उतरला, असं समजून निर्धास्त झालेले कितीतरी सद्गृहस्थ मला माहीत आहेत. आभा क्रमांकानं तुमच्या तपासण्यांच्या नोंदी एकत्र राहतात. बिल रुपयानंही कमी होत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना मात्र आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू झाली. त्यामुळे पत्त्याचा पुरावा यापलीकडे त्या कार्डाला कधी किंमत न दिलेली मंडळी माळ्यावर चढून ट्रंका उपसताना दिसतात.

देशातलं पहिलं आधार २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. या क्रमांकाची एक गंमत आहे. त्यातला शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवर पहारा करतो. व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञानं काढलेली ती रीत. मधला एखादा अंक चुकला, की संगणक तिथल्या तिथे ओरडतो. अंक चुकला तर कळतं; वय चुकलं तर कुणीच ओरडत नाही.

ओरडली ती आमची आत्या.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आलं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार, आणि कागद एकच : आधार. ज्या बायकांनी जन्मभर वय लपवलं, त्या ते सिद्ध करायला रांगेत उभ्या राहिल्या. २०२५ च्या पावसाळ्यात आत्याही सेवा केंद्रात गेली, सोबतीला मी.

“आजी, अंगठा ठेवा,” केंद्रातला पोरगा म्हणाला.

अंगठा उमटेना. पन्नास वर्षं भांडी घासल्यावर त्यावर रेषा उरणार कुठून? पदराला पुसून झाला, फुंकर मारून झाली, दुसऱ्या हाताचा ठेवून झाला. शेवटी डोळ्यांवर काम भागलं. पडद्यावर तारीख आली : १ जानेवारी १९५६.

“आजी, तुम्ही एकोणसत्तरच्या. बसत नाही.”

“अरे, पानशेत फुटलं तेव्हा मी चौथीत होते!” आत्यानं हात उंच करून भिंतीवर पाण्याची रेघ कुठवर चढली होती तेही दाखवलं. पोरगा त्या उंचीकडे आदरानं बघत राहिला. मी मनात हिशेब केला. पानशेतचं धरण फुटलं १९६१ मध्ये. म्हणजे आधारप्रमाणे आत्या पाचव्या वर्षी चौथीत होती. आमच्या घराण्यात एवढी बुद्धी असती तर आजवर कळली असती.

“पानशेत चालत नाही, काका,” पोरगा मला हळूच म्हणाला, “शाळेचा दाखला लागतो.”

दाखला निघाला. त्यावर साल १९५२, पण जन्मतारीख १ जून. त्या काळी मास्तरांनी निम्म्या महाराष्ट्राला याच दिवशी जन्माला घातलं होतं. शिवाय नाव माहेरचं; आधारवर सासरचं. दोन्ही बायका एकच, हे सिद्ध करणारा कागद आणखी वेगळा. आणि आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते. तेव्हा काय ती नीट ठरवून या, असं पोरगा म्हणाला.

शेजारच्या खुर्चीवर आत्याची धाकटी जाऊ बसली होती. वयानंही आत्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, आणि ते चारचौघांत ऐकवायची हौस दांडगी. तिच्या आधारवर १९५४. अंगठाही पहिल्या फटक्यात उमटला. कार्ड पिशवीत टाकून तिनं हळहळत विचारलं, “अगं बाई, मला मिळालं आणि तुम्हांला नाही?”

मी दुरुस्तीचा अर्ज मागायला उठलो. आत्यानं माझा हात धरून मला खाली बसवलं, चष्मा काढला, सावकाश पुसला आणि सगळ्या केंद्राला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“तिला आधी मिळणारच की! थोरली आहे ना ती माझ्यापेक्षा!”