ओलाव्याची आचारसंहिता

सोयाबीनच्या दाण्यात पाणी किती चालेल, हे कोण ठरवतं? शेतकऱ्याला वाटतं, परतीचा पाऊस. चूक. निवडणुकीचं वेळापत्रक ठरवतं.

२०२४च्या खरिपात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि अट होती ओलावा बारा टक्क्यांच्या आत असण्याची. खरेदी केंद्रावरच्या मीटरने साडेबारा दाखवले की पोती परत ट्रॅक्टरवर. मोंढ्यात तोच माल चार-सव्वाचार हजाराला जात होता. पाऊस उघडत नाही, वाळवायचं कुठे, असं शेतकरी ऑक्टोबरभर विचारत राहिले. अट हलली नाही. शास्त्रीय होती ना! मग २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान आलं आणि बरोब्बर पाच दिवस आधी, १५ तारखेला, शास्त्राला पाझर फुटला. बाराचे पंधरा झाले. वर केंद्र सरकारने हेही बजावलं की वाढीव ओलाव्याचा तोटा राज्यांनी सोसायचा. दिलदारी आमची, बिल तुमचं. प्रचारात सहा हजारांच्या भावाचंही आश्वासन होतं. ते अजून वाळत घातलेलं असावं.

बारा टक्क्यांची अट निव्वळ खोडी नाही, हे मान्य. ओल्या सोयाबीनची थप्पी गोदामात तापते, बुरशी धरते. पण मग वजनात कापा की! पंधरा टक्के ओलाव्याचा क्विंटलभर माल बारापर्यंत वाळवला तर साधारण तीन किलो चारशे ग्रॅम पाणी उडतं. हमीभावाने त्याचे होतात १६६ रुपये. अठरा टक्क्यांचा असला तर सहा किलो आठशे, म्हणजे ३३३. वाळवणीचा खर्चही लावा हवा तर. तरी शेतकरी मोंढ्यापेक्षा वरच राहतो. हा हिशेब सातवीतल्या पोराला येतो, खरेदीच्या नियमावलीला येत नाही. तिला दोनच उत्तरं ठाऊक: घेतला किंवा परत.

मोंढ्यातला व्यापारी काय करतो? मूठभर दाणे हातात घेतो, एक दाताखाली फोडतो, कापायचं ते कापतो, थोडं जास्तच कापतो, पण माल उतरवून घेतो. म्हणून त्याला शिव्या देत देत शेतकरी जातो त्याच्याचकडे. सरकारचा भाव चांगला, पण तो फलकावर. पोराची फी फलकावर भरता येत नाही.

आणि मीटरपर्यंत पोचणं तरी सोपं आहे का? सातबारा, ई-पीक पाहणी, आधार, पासबुक, नोंदणी, मग एसएमएसची वाट. एसएमएस येतो तेव्हा केंद्रावर बारदाना नसतो. २०१७ साली तुरीच्या खरेदीत बारदाना संपला, तेव्हा विक्रमी पिकाकडे बोट दाखवता आलं. सोयाबीनच्या वेळी कशाकडे दाखवणार? पेरा किती झालाय हे त्याच ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहून, रेंज शोधत, फोटो काढून भरलेलं असतं. त्यावरून पोती किती लागतील एवढं काढायचं होतं. त्याऐवजी मुदत वाढवत बसले: १२ जानेवारी, ३१ जानेवारी, ६ फेब्रुवारी. मुदत वाढवायला बारदाना लागत नाही.

सोयाबीनच्या भावाला धक्का देणाऱ्या आयात तेलाचंही तेच. सप्टेंबर २०२४मध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, शेतकऱ्याला जरा बरं वाटलं. ३० मे २०२५ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आणलं. नेमकं पेरणीच्या तोंडावर, बियाणं घरात येऊन पडल्यावर. त्याला कोणी विचारलं? जहाजातून येणाऱ्या तेलाला ना नोंदणी, ना एसएमएस.

२०२५च्या हंगामात हमीभाव ५,३२८ झाला. सप्टेंबरात मराठवाड्यात असा पाऊस कोसळला की शेंगा झाडावरच काळ्या पडल्या. आणि अट? परत बारा. त्या वर्षी निवडणुका नव्हत्या असं नाही, पण त्या नगरपालिकांच्या. तेवढ्याने दाण्यातलं पाणी कमी होत नसावं.

मागणं फार नाही. मे महिन्यात, नियम छापायला जाण्याआधी, लातूर नाहीतर वाशीमकडच्या एखाद्या गावात दोन तास येऊन बसा. मळणी कधी होते, खळ्यावर ऊन किती दिवस मिळतं, ताडपत्री किती घरांत आहे, एवढं विचारा. चहा गाव पाजेल. येताना दोन केंद्रांवरची दोन मीटरं मात्र आणा. एकाच पोत्याला इथे साडेअकरा आणि तिथे तेरा कसे लागतात, ते सगळ्यांसमोर लावून बघू.