खड्ड्याकाठचे अण्णा

शिरूर-दौंडकडे कुणाच्या प्लॉटवर फक्कीच्या रेघा पडल्या आणि जेसीबी आला, की मागोमाग अण्णा येतात. बोलावलेलं कुणी नसतं, पण पायापुरते ते भटजीइतकेच मानाचे. मोटरसायकल स्टँडवर, हात पाठीमागे, नजर खड्ड्यात. तीन फुटांवर माती जरा पिवळट दिसली, की खाली उतरून चपलेची टाच दोनदा आपटायची आणि निकाल द्यायचा : “बास! मुरूम लागला. उगं डिझेल जाळू नका.” इंजिनिअर ड्रॉइंग उलगडतोय तोवर बकेट वर गेलेलं असतं.

अण्णांना अडाणी म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. पाबळ-कान्हूरच्या माळावर त्यांची टाच सहसा चुकत नाही. तिथं मुरूम वरच असतो. फसगत होते ती तोच न्याय भीमाकाठी लावल्यावर. तिथली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराच्या एका अंगाला कालव्यावरचा ऊस, दुसऱ्या अंगाला कोरडा रस्ता. म्हणजे निम्मा पाया फुगलेल्या मातीवर, निम्मा आकसलेल्या. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून भिंत तिरकी चिरते. यावर अण्णांचा सवाल तयार : “आमच्या आज्यानं वाडा बांधला तेव्हा माती कुठल्या लॅबला धाडली होती?” सवाल बिनतोड वाटतो खरा. पण आज्याला लॅब लागली नाही, कारण गाव पांढरीत वसलेलं होतं आणि काळी ज्वारीला राखलेली होती. नातवानं सोलापूर हायवेलगत काळीतच गुंठे घेतले आणि दाखला मात्र पांढरीतल्या वाड्याचा दिला. शिवाय मातीच्या भिंतीची चीर दिवाळीच्या सारवणात बुजून जायची; काँक्रीटचा सांगाडा इतका सोशिक नाही.

‘काळी उपसून मुरूम भरायचा खर्च कोण देणार?’ हा आक्षेप मात्र निव्वळ अण्णांचा नाही, आणि तो निम्मा रास्तही आहे. काळीचा थर फार खोल असेल तर ती सगळी उपसणं परवडत नाहीच. अशा जमिनीसाठी बुडाशी फुगवटा असलेले पाइल आहेत; रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं त्यांवर बरंच काम केलंय. पण अण्णांची काटकसर तिथवर जातच नाही, ती जोत्याच्या भरावात दिसते. मुरूम सहा-आठ इंचांच्या थरांनी पसरून, पाणी मारून, धुम्मस करत चढवायचा असतो. अण्णा सगळे टिपर एकदम ओतायला लावतात : “पाऊस पडला की आपोआप बसतंय.” बसतं, यात वाद नाही. फक्त ते बसेपर्यंत वर फरशी घातलेली असते, वास्तुशांतीचं जेवण झालेलं असतं, आणि खचलेल्या कोपऱ्यावर टाच आपटून अण्णा म्हणत असतात, “सिमेंट आता पूर्वीचं राहिलं नाही.”