पुणं ओळखणारं गाव

अमेरिकेतल्या पुणेकराला एक अपमान वरचेवर गिळावा लागतो. "कुठचे तुम्ही?" असं कोणी विचारलं आणि आपण ताठ मानेने "पुणे" म्हटलं, की समोरचा माणूस एखाद्या दुर्धर आजाराचं नाव ऐकल्यासारखा चेहरा करतो. मग आवाज खाली आणून "मुंबईजवळ" म्हणावं लागतं. ज्या मुंबईला आपण आयुष्यभर घाम, गर्दी आणि पाणचट चहा यांपलीकडे काही मानलं नाही, तिचाच हात धरून परदेशात उभं राहायचं!

त्यात ओरेगॉनमध्ये राहणाऱ्या पुणेकराचं दुःख जास्तच, कारण इथे मद्रास आहे. चांगलं पोस्ट ऑफिस, पेट्रोल पंप, शाळा असलेलं गाव. असं सांगतात, की गावाला नाव हवं होतं, कोणाला तरी दुकानातल्या कापडाच्या ताग्यावर 'मद्रास' असा शिक्का दिसला आणि तेच देऊन टाकलं. एका ताग्यावर मद्रासला अमेरिकेत गाव मिळालं. पुण्याच्या नावाने या राज्यात बसथांब्याची पाटीसुद्धा नाही.

पण मद्रासहून उत्तरेला तासाभराच्या आत अँटेलोप आहे. पुण्याचं नाव घेतल्यावर "ते कुठे आलं?" असं न विचारणारं अमेरिकेतलं हे एकमेव गाव असावं. ते पुण्याला कसं ओळखतं, हा भाग वेगळा. प्रसिद्धीच्या बाबतीत आम्ही फार चिकित्सा करत नाही.

पुण्याहून इथे आलेल्या रजनीश आणि त्यांच्या संन्याशांची १९८१ ते ८५ ची हकिगत मी नव्याने सांगणार नाही. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर तिच्यावरची मालिका आल्यापासून आमच्या ग्रुपवरचा प्रत्येक जण त्या विषयात पीएच.डी. आहे. रजनीशांच्या ९३ रोल्स रॉइस सगळ्यांना पाठ आहेत, त्यांची सेक्रेटरी शीला हिचे संवाद तर तोंडपाठ. माझी तक्रार वेगळीच होती. त्या सहा भागांत पुण्याच्या वाट्याला फारच थोडी मिनिटं आली. आमच्याकडून गेलेला माल, आणि नाव सगळं ओरेगॉनचं! (गुरुजी मूळचे मध्य प्रदेशातले, प्राध्यापकी जबलपूरला, आणि पुण्यातला तोवरचा मुक्काम अवघा १९७४ पासून सात वर्षांचा, हे मला माहीत आहे. माझी बायको नागपूरची असल्याने ते विसरायची सोयही नाही.)

पोर्टलँड सोडून हूडच्या डोंगराला वळसा घातला, की झाडं पातळ होत जातात आणि अचानक संपतात. सह्याद्री जे माणदेशाचं करतो तेच कॅस्केड्स इथे करतात: सगळा पाऊस अलीकडेच झोडपून घेतात आणि पलीकडे नुसते ढग पाठवतात. बसाल्टच्या कातळाचे थर, त्यावर सेजब्रशची करडी झुडपं, मधूनच एखादा जुनिपर. मैलोगणती घर नाही. आणि एका वळणानंतर खाली खोऱ्यात हिरव्या झाडांचा एक पुंजका दिसतो. तेवढंच अँटेलोप. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या ४६.

"एवढंसं?" बायको म्हणाली. "एवढ्याशा गावाला त्रास द्यायला पुण्याहून यावं लागलं?"

मी तिला इतिहास सांगितला. १८६२ मध्ये कॅनियन सिटीला सोनं सापडलं, कोलंबिया नदीवरच्या द डॅलसहून तिकडे जाणारी वाट या खोऱ्यातून गेली, घोडागाड्यांचा थांबा झाला. १८७१ मध्ये पोस्ट आलं. १९०० मध्ये रेल्वे आली, पण ती वरच्या पठारावर शानिकोपर्यंत येऊन थांबली; लोकरीचा सगळा व्यापार शानिकोला, आणि अँटेलोप खोऱ्यातून मान वर करून बघत राहिलं. १९०१ मध्ये कागदोपत्री शहर झालं, आणि नंतर बहुधा तेवढंच काम उरलं. एच. एल. डेव्हिस नावाचा मुलगा लहानपणी काही काळ इथे राहिला. त्याला पुढे १९३६ मध्ये कादंबरीसाठी पुलित्झर मिळालं. पुलित्झर! त्याच्यासाठी कोणी गाडी काढून येतं का? मीही आलो नसतो.

आता मालिकेत ज्याला हवा तेवढा वेळ मिळाला नाही, त्या विषयाकडे येतो. तो विषय म्हणजे एनए, शेतजमिनीच्या बिनशेती वापराची परवानगी.

मला पुष्कळांनी विचारलं आहे, की पलीकडच्या खोऱ्यात ६४,००० एकरांचं रान विकत घेतलेल्या माणसांना शेजारच्या चाळीस म्हाताऱ्यांच्या गावात तडमडायची गरज काय होती? प्राध्यापक मंडळी याचं उत्तर पंथ, करिश्मा, सत्ताकांक्षा अशा शब्दांत देतात. ज्याने भूगाव-पिरंगुटच्या बाजूला पाच गुंठे घेतले आहेत, त्याला इतकं वाचावं लागत नाही. जमीन एनए नव्हती.

खरंच नव्हती. ओरेगॉनने १९७३ मध्ये कायदा केला, की शेतजमीन ती शेतजमीन. तिथे गोठा बांधा, शेतावर राबणाऱ्यांपुरती घरं बांधा. छापखाना, कचेऱ्या, पुस्तकविक्री हे धंदे शहराच्या हद्दीत न्या. आणि कायदा करून ही माणसं झोपी गेली नाहीत. '१००० फ्रेंड्स ऑफ ओरेगॉन' नावाची एक संस्था १९७५ पासून नुसती यावर डोळा ठेवून बसली होती. (पुण्यात हजार मित्र एका संस्थेत जमले असते तर पहिल्याच सभेत तिच्या तीन संस्था झाल्या असत्या.) त्यांनी बोट दाखवलं: छापखाना इथे नाही. शहराची सर्वांत जवळची हद्द कुठली? वीसेक मैलांवरचं अँटेलोप.

मला या ठिकाणी गहिवरून आलं. जगभरातले डॉक्टर, वकील, मानसशास्त्रज्ञ, हॉलिवुडचा पैसा, साक्षात भगवान म्हणवणारा गुरू, आणि सगळं अडलं कुठे, तर वापर बदलाच्या परवानगीत! आत्मा अमर आहे, पण बांधकाम अनधिकृत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं ४४ वं कलम माझ्या वडिलांना स्तोत्रासारखं पाठ होतं. त्यांनी हौसेने घेतलेल्या प्लॉटला बिनशेतीचा आदेश अजून यायचा आहे. तलाठी बदलले, सर्कल निवृत्त झाले, वडील गेले. सातबाऱ्यावर वारस म्हणून मी लागलो आणि पीकपाण्याच्या रकान्यात 'गवत पड' तेवढं कायम आहे. हा प्लॉट कुठल्या तालुक्यात ते सांगत नाही, फाईल अजून आत आहे.

पण एनए मिळत नाही म्हणून आमच्याकडे माणूस काय करतो? एजंट बदलतो, नवस बोलतो, फार तर चिडून आंबे लावतो. या मंडळींनी १९८२ मध्ये आपल्या रानातच रजनीशपुरम नावाचं स्वतःचं शहर कायदेशीर स्थापन केलं! म्हणजे परवानगी देणारी नगरपालिकाच आपली. इतकी वर्षं मी एजंट लोकांच्या संगतीत काढली, एकालाही हे सुचलं नव्हतं. (पुढे कोर्टाने ते शहर धर्म आणि राज्य एकत्र केल्याबद्दल बेकायदा ठरवलं. पण कल्पनेला दाद द्यावीच लागेल.) गाडीतच मी हिशोब केला: ६४,००० एकर म्हणजे २५,६०,००० गुंठे, किंमत साडेसत्तावन्न लाख डॉलर, गुंठा पडला साधारण सव्वादोन डॉलरला.

"एनए नाही ना?" बायको म्हणाली. "मग महागच पडला."

अँटेलोपला मात्र यातलं काहीच गमतीचं वाटलं नसणार. नोकरी संपवून स्वस्त घर आणि शांतता शोधत आलेली म्हातारी माणसं बरीच होती. आधी छापखान्याला परवानगी नाकारून पाहिली. मग १५ एप्रिल १९८२ ला त्यांनी मतदान घेतलं, की हे शहरच विसर्जित करून टाकू. हद्दच उरली नाही तर हे घेणार काय? आपलं गाव वाचवायला आपलंच गाव मोडायचं. पण तोवर घरं विकली गेली होती, नवे रहिवासी मतदार झाले होते. ५५ विरुद्ध ४२ मतांनी गाव राहिलं, म्हणजेच गेलं. नोव्हेंबरात नगरपरिषद गेली. गुरंढोरं पाळणाऱ्या मुलखातलं एकुलतं एक कॅफे शाकाहारी झालं, त्याचं नाव पडलं 'झोर्बा द बुद्धा'. १९८४ मध्ये गावाचंच नाव 'रजनीश' झालं. सगळं मतदानाने आणि बहुमताने. त्याच वर्षी द डॅलसच्या हॉटेलांतल्या सॅलडमध्ये जंतू मिसळले गेले आणि ७५१ माणसं आजारी पडली. इथे माझा विनोद थांबतो. अँटेलोपमधल्या माणसाने त्यानंतर कॉफीचा कप कोणत्या विश्वासाने उचलला असेल?

पोस्टाजवळ झेंड्याचा खांब आहे. त्याच्या पायथ्याशी धातूची पाटी आहे: आक्रमण आणि ताब्याच्या त्या वर्षांत जे टिकले, लढले आणि विसरले नाहीत, त्यांना अर्पण. शब्द अगदी तेवढे कडक. मी ते वाचत उभा राहिलो. याच खोऱ्यात ठाणं चालवणाऱ्या हॉवर्ड मॉपिनने १८६७ मध्ये इथल्या मूळ पायूट लोकांचा म्होरक्या पॉलिना याला ठार केलं होतं. पायूटांनी आपल्यावरच्या आक्रमणाची पाटी लावायची ठरवली तर धातू पुरायचा नाही. पण हे मनात आल्याबरोबर माझी मलाच चीड आली. दुसऱ्याच्या दुःखाला त्याहून जुनं दुःख दाखवून गप्प करणं ही आम्हा वाचून शहाणे झालेल्यांची खोड आहे.

तेवढ्यात कुत्र्याला घेऊन एक आजोबा आले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं.

"कुठून आलात?"

"पोर्टलँडहून."

"त्याआधी?"

"इंडिया."

"इंडियात कुठे?"

हा प्रश्न अमेरिकेत मला कोणीतरी नीट विचारावा, उत्तर त्याला कळावं, यासाठी मी किती वर्षं झुरत होतो! छाती भरून आली. आणि तोंडातून शब्द आले, "मुंबईजवळ."

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की त्या एका नजरेत नागपूरकरांची सगळी येणी वसूल झाली.

आजोबा क्षणभर थांबले. "पूनाच्या अलीकडे की पलीकडे?"

"हा पूनाचाच आहे," बायको म्हणाली. "मी नाही."

मला वाटलं, आता कुत्रं अंगावर येणार. कुत्रं माझा बूट हुंगून बसलं. आजोबा म्हणाले, ते तेव्हा तरुण होते, गुरांच्या कामाला होते. वाईट दिवस होते. मग म्हणाले, "कॅफेत वाढणाऱ्या त्या पोरी सारखं सांगायच्या, पूनाला पाऊस फार छान पडतो म्हणून. खरं आहे का?"

मी म्हटलं, खरं आहे. त्यांनी मान हलवली आणि निघून गेले.

आणि मला विचारायचं होतं ते राहून गेलं. माझ्या काकांनी बंडगार्डनजवळच्या घराची मागची खोली १९७९ मध्ये एका जर्मन बाईला भाड्याने दिली होती. त्या काळात पुण्याने या लोकांबद्दल नाकं मुरडली, अग्रलेख लिहिले आणि भाडी वाढवली. काकांनी तिन्ही केलं. त्यांचा अग्रलेख तोंडी असे, इतकंच. काकूंनी मात्र तिला पोहे करायला शिकवलं. १९८१ मध्ये खोली सोडताना तिने अनामत मागितली, तेव्हा तिच्या भगव्या कपड्यांचा रंग भिंतीला लागला या कारणावरून काकांनी तीनशे रुपये ठेवून घेतले. ती काही बोलली नाही. वर्षभराने काकूंना एक कार्ड आलं: इथे थंडी फार आहे, मी कॅफेत काम करते, पोहे मिळत नाहीत. टपालाचा शिक्का अँटेलोपचा.

ती त्या पोरींपैकी एक असेल का? पण आक्रमकांच्या पाटीसमोर उभं राहून, बशा विसळणाऱ्या एका आक्रमकाची चौकशी कशी करायची?

रात्री काकूंना व्हिडिओ कॉल लावला. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मी रान दाखवलं, पाटी दाखवली, पाटीवरचा मजकूर मराठीत सांगितला. त्यांनी रोल्स रॉइसबद्दल काही विचारलं नाही. "ती राहायची ते घर कुठलं रे?" म्हणाल्या. मी म्हटलं, कळलं नाही. १९८५ मध्ये सगळे पांगले, गुरुजी १९८७ मध्ये पुण्यात परतले, त्या रानात आता ख्रिस्ती मुलांची शिबिरं भरतात, आणि जिथे प्रवचनाचं सभागृह होतं तिथे मुलं खेळतात.

"तिचे तीनशे रुपये आहेत माझ्याकडे," काकू म्हणाल्या. "ह्यांना न सांगता मी तेव्हाच वेगळे काढले होते. पोस्ट आहे ना त्या गावात?"

"आहे. पण काकू, ती तिथे नसणार. आणि तीनशे रुपयांचे आता..."

"व्याज धर. बँकेच्या दराने धर, ह्यांच्या दराने नको. आणि मध्ये त्या लोकांनी गावाचं नाव बदललं होतं असं म्हणालास ना?"

मी सांगितलं, ६ नोव्हेंबर १९८५ ला ३४ विरुद्ध शून्य मतांनी जुनं नाव परत आलं. मत देणाऱ्यांत मागे राहिलेले संन्यासीही होते. पोस्टाने तर नाव कधी बदललंच नव्हतं.

"मग स्पेलिंग तेवढं नीट पाठव," काकू म्हणाल्या. "पाकिटावर घालायला."