सायकल शर्यत कशी पाहावी : दौलताबाद घाटासह

शेवटची सायकल दहावीत चालवली आणि तीही क्लासबाहेर कुलूप न लावता उभी केल्यामुळे गेली, अशा वाचकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. सायकल येण्याची अट नाही. उलट ज्याला येते तो मध्येमध्ये गिअरबद्दल बोलतो आणि बाजूच्या माणसाचा रस जातो. लागणारं साहित्य : टोपी, पाण्याची बाटली, सावलीची जागा आणि चार तास. यातले तीन तास एकोणसाठ मिनिटं वाट पाहण्यात जातील. हे आधीच सांगितलेलं बरं, नंतर कुरकुर नको.

आता हे शिकायचं कशासाठी? तर १९ ते २३ जानेवारी २०२६ या पाच दिवसांत पुणे ग्रँड टूर झाली. आधी एक छोटा प्रोलॉग, मग चार टप्पे, मिळून ४३७ किलोमीटर. जागतिक सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या भाषेत ही २.२ दर्जाची शर्यत. पहिला दोन म्हणजे अनेक दिवसांची, दुसरा दोन म्हणजे तिची पायरी. परदेशी संघ आले, रस्ते गुळगुळीत झाले, पुणेकरांना सायकलींचं शहर असल्याची पुन्हा आठवण झाली. प्रायोजक बजाज, म्हणजे १९८५पासून आपल्या वाळूजमध्ये इंजिनाच्या दुचाक्या काढणारी कंपनी. इंजिन आपल्याकडे आणि घाम पुण्याकडे, अशी ही वाटणी झाली. शर्यत इकडे फिरकलीच नाही. म्हणून या मार्गदर्शिकेत टप्पा आपणच आखू : क्रांती चौकातून सुरुवात, नगर नाका, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा, दौलताबाद, घाट, खुलताबाद आणि शेवट वेरूळला. तीसेक किलोमीटरच होतात. खऱ्या टप्प्याला शंभराच्या आसपास लागतात, तेव्हा म्हैसमाळची एक चक्कर आणि फुलंब्रीकडून एक वळसा टाकून आकडा भरून काढा. नकाशावर आखायला पैसे पडत नाहीत.

सर्वांत आधी डोक्यातली मुंबई–पुणे शर्यत काढून टाका. मराठी माणसाला सायकल शर्यत म्हटली की तीच आठवते : एका दिवसाचा मामला, बोरघाटात जो पुढे तो ‘घाटाचा राजा’ आणि पुण्यात जो आधी पोचला तो विजेता. सरळ हिशेब. टप्प्यांच्या शर्यतीत मात्र रोज कोणीतरी जिंकतं, आणि तरी रोज जिंकणारा माणूस शेवटी जिंकेलच असं नाही. प्रत्येक दिवशी लागलेल्या वेळेची बेरीज करतात. ज्याची बेरीज सर्वांत कमी, शर्यत त्याची. २०१७ साली ख्रिस फ्रूमने टूर द फ्रान्स जिंकली तेव्हा एकवीस टप्प्यांपैकी एकाही टप्प्यात तो पहिला नव्हता. १९८९ साली तीन आठवडे आणि तीन हजारांहून जास्त किलोमीटर झाल्यावर ग्रेग लेमाँड आणि लोराँ फिन्यों यांच्यात फरक उरला आठ सेकंदांचा. क्रांती चौकाच्या सिग्नलला आठ सेकंदांत पुढची गाडीसुद्धा हलत नाही.

त्यात आणखी एक खोच आहे. घोळक्यात एकमेकांना चिकटून आलेल्या सगळ्यांना एकच वेळ देतात. पन्नासावा आलेला आणि दुसरा आलेला, दोघांची वेळ सारखी, मध्ये फट पडली नाही म्हणजे झालं. टप्प्यात पहिल्या तिघांना बहुधा दहा, सहा आणि चार सेकंदांची सूट मिळते, ती वेगळी. शिवाय सपाट टप्प्यात शेवटच्या तीन किलोमीटरांत कोणी पडला तर तो ज्यांच्याबरोबर होता त्यांचीच वेळ त्याला लागते. नवशिक्याला हे ऐकून वाटतं, मग शर्यत कशाला म्हणायची? थांबा, घाट यायचा आहे.

आता मुख्य धडा. जो सर्वांत पुढे दिसतो त्याच्याकडे पाहू नका.

टीव्हीवर शर्यत लावलीत की तीन-चार गडी घोळक्याच्या चार मिनिटं पुढे पळताना दिसतात. घरातले म्हणतात, ‘हे जिंकले!’ नाही जिंकले. ते पकडले जाणार आहेत. त्यांना ते माहीत आहे, मागच्यांना माहीत आहे, समालोचकालाही माहीत आहे. पण कॅमेरा त्यांच्यावर आणि जर्सीवर प्रायोजकाचं नाव, तेव्हा तीन तासांची जाहिरात झाली. कधीमधी घोळक्याचा हिशेब चुकतो आणि ते पोचतातही. त्या एका दिवसाच्या आशेवर बाकीचे सगळे दिवस काढायचे असतात.

पकडले का जातात, तर वाऱ्यामुळे. सपाट रस्त्यावर चाळीस-पंचेचाळीसच्या वेगात सायकलवाल्याची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या चाकामागे हातभर अंतरावर बसलं की तेवढ्याच वेगाला जवळजवळ एक तृतीयांश मेहनत वाचते, मोठ्या घोळक्याच्या पोटात त्याहूनही जास्त. पैठण रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीमागे सायकल लावून फुकट ओढत जाणाऱ्या पोरांना हे यूसीआयच्या आधीपासून ठाऊक आहे. (पालकांनी हे वाक्य मुलांना वाचून दाखवू नये.) तेव्हा चौघांनी आळीपाळीने हवा कापायची आणि दीडशेंनी आळीपाळीने कापायची, यात कोण दमणार हे सांगायला गणिताचे सर नकोत.

मग जिंकणारा कुठे असतो? लपलेला. घोळक्यात विसावा-पंचविसावा, चारही बाजूंनी आपल्याच संघाच्या माणसांत बसलेला, चेहऱ्यावर काही नाही. त्याचं दिवसभराचं काम म्हणजे काम न करणं. वारा दुसऱ्याने खायचा, खड्डा दुसऱ्याने दाखवायचा, चाक पंक्चर झालं तर दुसऱ्याने आपलं काढून द्यायचं. हे ‘दुसरे’ कोण, हे ज्याला ओळखता आलं त्याला शर्यत पाहता आली.

त्यातला एक मला सगळ्यात आवडतो, तो पाणक्या. त्याला शोधायची खूण सांगतो. घोळका जात असताना एखादा गडी पायडल मारायचं सोडून मागे-मागे येताना दिसेल. दमला म्हणून नव्हे, संघाची मोटार मागे आहे म्हणून. मोटारीच्या खिडकीपाशी पोचला की आतला हात एकेक बाटली बाहेर देतो. दोन सायकलच्या चौकटीला, दोन-तीन पाठीमागच्या खिशांत आणि उरलेल्या जर्सीच्या आत, मानेखाली, पोटावर, पाठीवर. पाठ उंटासारखी होते. यूसीआयच्या नियमाप्रमाणे सायकल ६.८ किलोहून हलकी चालत नाही, म्हणून कंपन्या एकेक ग्रॅम तासून तिथवर आणतात आणि हा गडी तिच्यावर पाच-सहा किलो पाणी लादतो. मग मोटारीच्या पुढे निघून, घोळक्याच्या शेपटाला लागून, बाजूने वर सरकत, आपल्या सोबत्यांना शोधून प्रत्येकाच्या हातात बाटली द्यायची. वाटून झालं की रिकाम्या हाताने पुन्हा वारा खायला पुढे. उन्हाळी दिवसात अशा कितीतरी खेपा होतात. टप्प्याच्या निकालात त्याचं नाव शंभराव्याच्या आसपास असतं.

नळाला पाणी येण्याचा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवणाऱ्या आपल्या शहरात या माणसाला जोराच्या टाळ्या पडायला हव्यात. मिटमिट्याला उभे राहणाऱ्यांनी मनावर घ्यावं.

शेजारी उभा असलेला कोणीतरी विचारेलच, ‘मामू, ये पाणी भरनेवाला कायको जिंकत नाही?’ त्याला शांतपणे सांगा : त्याला पगार न जिंकण्याचा मिळतो. बक्षिसाची रक्कम आली की विजेता ती संघात वाटून टाकतो, हा रिवाज आहे. लगेच पटणार नाही. ‘म्हणजे नगरसेवकाचे कार्यकर्ते,’ असं तो म्हणेल. नाही म्हणू नका, पण वाटून टाकण्याचा भाग पुन्हा एकदा सांगा.

आता उभं कुठे राहायचं. सपाट रस्त्यावर उभे राहाल तर दीडशे सायकली वीस सेकंदांत जातात. एक सणसणीत आवाज येतो, रंग दिसतात, आणि तुम्ही मोबाइलचा कॅमेरा उघडेपर्यंत मागच्या मोटारी सुरू होतात. दोन जागा मात्र अशा आहेत की टूर द फ्रान्सच्या आखणाऱ्यांनी पाहिल्या तर ते पथारी टाकून बसतील.

पहिली, दौलताबादचा दिल्ली दरवाजा. किल्ल्याला लागून रस्ता त्या जुन्या दगडी कमानीतून जातो. रविवारी वेरूळला निघालेल्यांना ती कमान चांगली ओळखते : समोरून बस आली की इकडची रांग थांबते, हॉर्न वाजतात, कोणीतरी खाली उतरून हात करतो. आता तिथे दीडशे सायकली पन्नासच्या वेगात आणा. कमानीत एका वेळी फार तर पाच-सहा मावतील. पहिल्या वीसांत असलेला सुसाट आत जातो, ऐंशीवा ब्रेक दाबतो, शंभरावा पाय टेकतो. आणि कमान ओलांडली की पुढे चढण. म्हणजे पाय टेकलेल्याला शून्यातून घाट चढायचा आणि पुढचे तोवर वळणाआड. सगळ्या संघांना हे आदल्या रात्रीच कळलेलं असतं, कारण त्यांच्याकडे मार्गाची वही असते आणि तीत अरुंद जागा, वळणं, गतिरोधक खुणा करून दाखवलेले असतात. म्हणून खरी मारामारी कमानीत होत नाही, दोन किलोमीटर आधी होते. प्रत्येक संघ आपल्या मालकाला, म्हणजे दिवसभर लपवलेल्या त्या गड्याला, पुढे आणायला बघतो आणि रस्ता तर तेवढाच. कोपर, खांदा, शिव्या चार-पाच भाषांतल्या. शरणापूर फाट्याच्या पुढे उभे राहाल तर हे फुकट पाहायला मिळेल. कमानीपाशी निव्वळ निकाल दिसतो.

दुसरी जागा घाट. चढावर वेग निम्म्यावर येतो, वारा खायची भानगड कमी होते आणि मागे लपून फारसं काही वाचत नाही. दिवसभर चेहरा कोरा ठेवलेला तो गडी इथे पहिल्यांदा दिसतो. आधी त्याचे सोबती एकेक करून पुढे ओढतात. एकाचा दम संपला की तो बाजूला होतो, इतका अचानक की सायकल जागीच उभी राहिल्यासारखी वाटते. मग दुसरा, मग तिसरा. शेवटी मालक एकटा उरतो आणि तेव्हाच त्याने उठून पळायचं असतं. जरा आधी पळाला तर वर पोचण्यापूर्वी सापडतो, जरा उशीर केला तर दुसरा कोणी पळालेला असतो. आपला घाट आल्प्ससारखा नाही, लवकर संपतो. पण खुलताबादहून म्हैसमाळची चढण जोडली तर टप्पा तिथेच फुटेल, हे माझं मत आहे आणि ते मी टपरीवर कोणाशीही वाद घालून सिद्ध करायला तयार आहे.

घाटात गर्दी कशी करायची हे आपल्याला शिकवावं लागत नाही. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री भद्रा मारुतीला शहरातून जे लोक चालत जातात, त्यांना प्रत्येक वळणावर बसायचा दगड माहीत आहे. पथ्यं तेवढी पाळा. सायकलवाल्याबरोबर धावू नका. पाठीवर हात मारून ढकलू नका. प्रेमाने ढकललं तरी दंड त्याला होऊ शकतो. बाहेरच्या मदतीबद्दल हा खेळ जुन्या काळी तर फारच कडक होता : १९१३ सालच्या टूर द फ्रान्समध्ये यूजेन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा काटा डोंगरात मोडला. तो सायकल खांद्यावर घेऊन खाली गावात चालत आला, लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हाताने काटा जोडला, पंच शेजारी उभे राहून पाहत होते. भाता एका पोराने हलवला, म्हणून वर दंड. चिकलठाण्याच्या कुठल्याही वेल्डरला ही गोष्ट सांगा, तो पंचांना काय म्हणेल ते छापता येणार नाही.

जर्सींचं थोडक्यात. एकूण वेळेत जो पुढे त्याला पिवळी, कारण टूर द फ्रान्स सुरू करणारं ‘लोतो’ हे वृत्तपत्र पिवळ्या कागदावर निघायचं. इटलीतल्या शर्यतीत ती गुलाबी, कारण तिथलं वृत्तपत्र गुलाबी. आपल्याकडच्या वृत्तपत्राने शर्यत काढली तर जर्सी पांढरी होईल आणि पहिलं पान जाहिरातीचं असेल. चढणीच्या राजाची आणि गुणांची जर्सी वेगळी. एवढं पुरे.

तारीख ठरवताना श्रावणी सोमवार घृष्णेश्वरामुळे गेले, शनिवार भद्रा मारुतीमुळे, खुलताबादच्या उरुसाचे दिवस उरुसामुळे. सुट्टीचे रविवार लेण्यांच्या बसगाड्यांनी घेतलेले आहेत. मे महिन्याचं नावही काढू नका. उरलेल्या दिवसांत लग्नांची तिथी पाहावी.

आणि आता सर्वांत उपयोगाचा भाग, जो इतर मार्गदर्शिकांत मिळणार नाही. अशी शर्यत येण्याच्या कितीतरी आधी मार्गाची पाहणी होते. सायकलचं टायर जेमतेम अंगठ्याहून रुंद, तेव्हा खड्डा चालत नाही, खडी चालत नाही, रस्त्याच्या मध्येच उगवलेला गतिरोधकही चालत नाही. पाहणी आहे म्हटल्यावर डांबर पडतं. पुण्याने हे करून दाखवलं आहे. तेव्हा जाणकार प्रेक्षकाने आपल्या वॉर्डाचा टप्पा आजच आखावा आणि रीतसर अर्ज द्यावा. अर्जात अंतर लिहा, चढ लिहा, ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ हे शब्द दोनदा लिहा. गल्लीतला तो जुना खड्डा ‘तांत्रिक अडथळा क्रमांक एक’ म्हणून फोटोसह जोडा. पाहणीची तारीख लवकरची मागा. शर्यतीच्या तारखेचा रकाना कोरा ठेवा.